अमरेशची मुरगळ

उदगीरहून जीप निघाल्याचा फोन आला तेव्हा सिद्धम्मा गव्हाच्या हुग्गीत गूळ घालत होती. हातातला खडा पातेल्यात पडायचा तो शेगडीच्या मागे गेला. शेजारी जाऊबाई शरणम्मा खोबरं किसत होती. परसातल्या भिंतीच्या वाटणीवरून या दोघी जावा गेल्या दिवाळीपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. काही सांगायचंच झालं तर भांड्यांना सांगायच्या. आज मात्र दोघी एका चुलीशी होत्या. काम एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं.

"अक्का, एकदा शेवटचं सांगा," शरणम्मा म्हणाली. "मुरगळला कुठं म्हणायचं?"

"घोट्यात."

"कशानं?"

"डोंगर उतरताना."

शरणम्माचा किसणीवरचा हात थांबला. "मी शेजारी खड्ड्यात म्हणून बसले."

"मग डोंगरातल्या खड्ड्यात म्हण."

सिद्धम्माचा एकुलता एक मुलगा अमरेश पायदळात होता. गेल्या वर्षी सरहद्दीवर गस्त घालताना त्याचा पाय सुरुंगावर पडला आणि डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. मग मिलिटरीचे दवाखाने झाले, पुण्याला नवा पाय बसवून झाला, त्या पायावर चालायला शिकून झालं, आणि मागच्या आठवड्यात तो रजेवर देवणीला घरी आला होता. पँट आणि बूट घालून चालला की नवख्या माणसाला एवढंच वाटावं, की पोरगा जरा ऐटीत चालतो.

पाय जायच्या आधीच्या रजेत उदगीरच्या वैजनाथप्पांची अंबिका बघून झाली होती. मुलीला मुलगा पसंत, मुलाला मुलगी पसंत. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. मग वैजनाथप्पांचा फोन आला, की अमरेशला कायसं लागलं म्हणून कानावर आलं, खरं का? सिद्धम्मानं तोंड उघडलं ते "पाय" म्हणायला. शब्द निघाला तो "मुरगळला". त्यानंतर दर फोनला त्या मुरगळीची नीट काळजी घेणं भाग पडलं. अमरेशला तिनं सांगितलं, "त्यांना सगळं सांगितलंय. त्यांची काही हरकत न्हाई." तिचा नवरा शिवप्पा दिवसभर आडत दुकानात तुरीच्या भावावरून घसा फोडणारा माणूस, पण या बाबतीत त्यानं फक्त मान हलवली होती. ती होकाराची की नकाराची, हे त्यानं मुद्दाम कळू दिलं नव्हतं.

राहता राहिला शरणम्माचा नवरा, मडिवाळप्पा. त्याला या मुरगळीतलं काहीच माहीत नव्हतं. पण शरणम्माच्या पोटात गोष्ट राहिली असा दिवस त्या घरानं अजून बघितला नव्हता.

*

मडिवाळप्पा सैन्याच्या वैद्यकीय दलात नर्सिंग असिस्टंट म्हणून लागला आणि सुभेदार होऊन निवृत्त झाला. देवणीत त्याला सगळे डॉक्टर म्हणत. आपण डॉक्टर नाही, हे तो बरीच वर्षं समजावून सांगत राहिला आणि मग दमून त्यानं तो नाद सोडला. अमरेश आल्यापासून रोज सकाळी त्याचा पाय तो स्वतः तपासत होता. कुठं लाल झालंय का, कातडी सोललीय का, नव्या पायाच्या आत घालायचा मोजा ओला राहिलाय का, सगळं. तो तपासायला बसला की सिद्धम्मा हमखास दूध बघायला उठायची.

बायकोकडून मुरगळीचं कळल्यावर तो तडक स्वयंपाकघरात आला आणि पिठाच्या डब्यावर बसला.

"वहिनी, मुरगळलेला पाय महिन्या-दोन महिन्यांत सुधारतो. ही मुरगळ कधी सुधारायची?"

"लग्नानंतर सांगू, भावजी. तोवर लळा लागंल."

"अन् पोराला? त्याला मालूम हाय का, तुम्ही काय सांगितलंय ते?"

सिद्धम्मानं हुग्गी ढवळली. "त्याला वाटूलालंय, त्यांना मालूम हाय."

मडिवाळप्पानं हा हिशेब मनात लावून बघितला. "म्हणजे तो मोकळ्या मनानं पायाबद्दल बोलणार, अन् ते मुरगळ समजून ऐकणार."

"म्हणून तर तुम्ही मधी बसा. तुमी लई बोलताव. बोलणं कुठल्या कुठं नेताव. आज तेवढं कामाला येऊ द्या."

इतक्या वर्षांत वहिनीनं केलेली ही पहिलीच तारीफ. ती घ्यावी की न घ्यावी, हे त्याला ठरवता येईना. तो उठला आणि अमरेशला खरं काय ते सांगायला वरच्या खोलीत गेला.

अमरेश आरशासमोर दाढी करत होता. गालाला साबण, ओठात गाण्याची शीळ. काकाला बघून तो वळला.

"काका, खरं सांगू का? दवाखान्यात होतो तेव्हा वाटायचं, उदगीरवाले आता फिरकणार न्हाईत. माझ्या शेजारच्या पलंगावर एक जण होता, त्याची सोयरीक फोनवरच मोडली. अन् हे लोक बघा. सगळं मालूम असून येऊलालेत. अवघड काही विचारलं न्हाई, की अट घातली न्हाई."

मडिवाळप्पा दारातच उभा राहिला. कारगिलच्या वेळी डोंगराखालच्या तंबूत त्यानं कितीतरी पोरांना त्यांचं काय गेलंय ते सांगितलं होतं. कुणाला हात, कुणाला डोळा. सांगायची रीत ठरलेली होती: खाली बसायचं, नजरेला नजर द्यायची, आडवळण घ्यायचं नाही. आज तो खाली बसला, नजरेला नजर दिली, आणि म्हणाला, "कानाखाली साबण राहिलाय."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

*

जीपमधून आधी वैजनाथप्पा उतरले. उदगीरला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, त्यामुळे कुणाच्याही घरात शिरताना त्यांची नजर आधी मांडणीवर जायची. त्यांच्या मागे त्यांची आई नागम्मा, मग अंबिका. ती लातूरला डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांच्या क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायची. आणि शेवटी उतरला एक वाळका म्हातारा, खांद्याला पिशवी, पिशवीत तेलाच्या बाटल्या.

"हे श्रीमंतबाबा," वैजनाथप्पा कौतुकानं म्हणाले. "जळकोटकडचे. मुरगळ असो, लचक असो, खांदा निखळलेला असो, यांचा हात लागला की माणूस चालत घरी जातो. म्हणलं जाऊलालोच, तर आपल्या जावयासाठी सोबत घेऊन जावं."

सिद्धम्मानं शरणम्माकडे बघितलं. शरणम्मानं छताकडे बघितलं. शिवप्पाला एकाएकी आठवलं की दुकानात काटा उघडा राहिलाय, पण बायकोची नजर बघून तो जागीच बसला.

बैठकीत सतरंजी अंथरलेली, लोड लावलेले. शरणू शरणार्थी म्हणत नमस्कार झाले, पाणी झालं. अमरेशसाठी खुर्ची ठेवली होती. मडिवाळप्पानं खुर्चीशेजारची जागा पकडली.

"मग," वैजनाथप्पांनी विचारलं, "पाय कसा हाय आता?"

"एकदम मस्त," अमरेश म्हणाला. "नवीन हाय म्हणून जरा सवय व्हायची राहिलीय."

प्लास्टर काढल्यावर पाय नवा वाटतोच, असं वैजनाथप्पांनी मनाशी म्हटलं. "सुरुवातीला जड वाटत असंल."

"न्हाई न्हाई. आधीच्यापेक्षा हलका हाय."

"असं?" नागम्मा पुढे सरकली. तिला ऐकू चांगलं येत होतं आणि ऐकलेलं ती सोडत नसे. "सूज बीज हाय का रे बाळा?"

"सकाळी घट्ट बसतो, आजी. दुपारनंतर सैल होतो. मग रात्री काढून ठेवतो."

"काय काढून ठेवतो?"

"बूट," मडिवाळप्पा म्हणाला. "रात्री बूट काढून ठेवतो. फौजेतली शिस्त हाय."

"ते आमी पण काढतो," नागम्मा म्हणाली. "रात्री मिठाचा शेक देत जा."

अमरेश हसला. "शेक दिला तर वितळंल की, आजी."

पोरगा विनोदी आहे, हे वैजनाथप्पांना आवडलं. ते मोठ्यानं हसले, म्हणून सगळे हसले. शिवप्पा जरा जास्तच वेळ हसला.

"पण मला एक कळंना," हसू ओसरल्यावर वैजनाथप्पा म्हणाले. "मुरगळीसाठी पुण्याला कशाला नेलं?"

अमरेशनं काकाकडे बघितलं. हा शब्द कुठून आला, त्याला कळेना. मडिवाळप्पानं घसा साफ केला.

"त्याचं असं हाय, वैजनाथप्पा. फौजेचा दवाखाना म्हणजे साधी गोष्ट न्हाई. पूर्वीच्या लढायांत गोळीनं मरायचे त्याहून जास्त हगवणीनं मरायचे. जखमी कुठं पडला तिथंच पडून राहायचा, लढाई संपेपर्यंत. आधी सरदाराला उचलायचं, शिपाई मागून. मग नेपोलियनच्या फौजेत एक सर्जन निघाला. त्यानं हलक्या घोडागाड्या केल्या अन् लढाई चालू असताना जखमी उचलायला लागला. अन् नियम काय केला? हुद्दा बघायचा न्हाई, जखम बघायची. ज्याची जखम मोठी, त्याचा नंबर आधी. मग तो शिपाई असो का सरदार."

"पण मुरगळ?" नागम्मा म्हणाली.

"येतो ना तिथंच येतो. मग पहिलं महायुद्ध झालं..."

महायुद्धाच्या चिखलातून मडिवाळप्पा बराच पुढे गेला. जखमेतल्या अळ्या सडकं तेवढंच मांस खातात आणि चांगलं सोडतात, हे तो सांगू लागला तेव्हा शरणम्मानं हुग्गीच्या वाट्या उचलून परत आत नेल्या.

अंबिका ऐकत नव्हती. ती अमरेशच्या बुटांकडे बघत होती. दोन्ही बूट एकाच जोडीचे, सारखेच वापरलेले. उजव्या बुटाला पुढे, बोटं दुमडतात तिथं, आडव्या सुरकुत्या होत्या. डाव्याला एकही नव्हती. मघाशी तो खुर्चीत बसला तेव्हा डावा पाय त्यानं आधी पुढे टाकला होता आणि मग बाकीचा माणूस बसला होता. ती रोज मुलांना सांगाडा शिकवायची. घोट्याचा सांधा काय करतो, हे तिला ठाऊक होतं, आणि या डाव्या पायाचा घोटा त्यातलं काहीच करत नव्हता. तिनं वडलांकडे बघितलं. ते अळ्या ऐकण्यात रंगले होते.

श्रीमंतबाबाला मात्र दुसऱ्या महायुद्धापर्यंत थांबवेना. त्यानं तेलाची बाटली काढली, तळहातावर तेल घेतलं आणि अमरेशच्या पुढ्यात मांडी घातली.

"बोलत बसा तुमी. पोरा, पाय दे इकडं. डावा ना?"

"बाबा, आत्ता नको," मडिवाळप्पा, सिद्धम्मा आणि शरणम्मा एकदमच म्हणाले.

पण अमरेशला म्हाताऱ्याची कीव आली. एवढ्या लांबून आलेला, गुडघ्यात वाकलेला. ज्या वैजनाथप्पांनी आपला पाय गेला कसा म्हणून साधं विचारलंही नाही, त्यांनी तो हाताळून बघायला सोबत जाणकार आणला, तर त्यात गैर काय? पुण्याला तर रोज कुणी ना कुणी बघायला यायचं.

"तुमी कशाला वाकूलालाव, बाबा," तो म्हणाला. "थांबा, काढून देतो."

त्यानं पँटचा पायचा वर केला, आतल्या बाजूची कळ दाबली. खट्ट असा आवाज झाला. पाय, मोज्यासकट आणि बुटासकट, त्यानं अदबीनं दोन्ही हातांनी श्रीमंतबाबाच्या मांडीवर ठेवला.

*

श्रीमंतबाबानं आयुष्यभर माणसांचे आणि देवणीच्या वळूंचे पाय बसवले होते. पण अजून कुणी पाय असा हातात आणून दिला नव्हता. त्यानं आधी पायाकडे बघितलं, मग अमरेशच्या रिकाम्या पायच्याकडे बघितलं. तेलाचा हात त्यानं सवयीनं बुटावरून एकदा फिरवला आणि हळूच, कुणाला त्रास होऊ नये अशा बेतानं, तो कुशीवर कलंडला.

मग सगळे एकदम बोलू लागले. वैजनाथप्पा उभे राहून "मुरगळ? ही मुरगळ?" एवढंच म्हणत होते. शिवप्पा "बसा, मी सांगतो" म्हणत होता, पण काय सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं. नागम्मा शिवाचं नाव घेत होती.

मडिवाळप्पाचा आवाज चढला आणि तंबूतल्यासारखा झाला. "जे ओरडूलालेत ते जिवंत हायत, त्यांच्याकडं बघू नका. बाबांच्या भोवती गर्दी करू नका. शरणम्मा, पाय वर घे. पायाखाली लोड दे."

शरणम्मानं घाईघाईनं हाताला लागला तो पाय उचलून लोडावर ठेवला. तो अमरेशचा होता.

"बाबांचा," मडिवाळप्पा म्हणाला.

श्रीमंतबाबानं डोळे उघडले तेव्हा त्याचे दोन्ही पाय लोडावर होते आणि त्यांच्या शेजारी तिसरा. त्यानं परत डोळे मिटले.

"शुद्धीवर हाय," मडिवाळप्पानं नाडी सोडली. "पडू दे थोडा वेळ."

आता खोलीतला आवाज खाली आला आणि वैजनाथप्पांचा एकट्याचा राहिला. "शिवप्पा, मी दोन पिढ्यांची ओळख म्हणून तुमच्या दारात आलो. पोराला लागलं याचं मला वाईट वाटलं असतं, मी बघायला आलो असतो. पण खोटं? पोरीच्या आयुष्याचा सवाल हाय हो."

"मी तेव्हाच अक्काला म्हणले होते," शरणम्मा म्हणाली. "असं लपवू नये."

सिद्धम्मानं जावेकडे बघितलं. भिंतीचं भांडण आता नातवंडांपर्यंत जाणार, हे दोघींनाही त्या नजरेत कळलं.

अमरेश खुर्चीतच बसून होता. त्याच्या चेहऱ्यावरचं मघाचं हसू पुरतं उतरलं नव्हतं. ते कुठं ठेवावं ते त्याला सुचत नसावं. "अव्वा," तो म्हणाला, "तू त्यांना सांगितलंच नव्हतंस?"

सिद्धम्मा पदराला हात पुसत राहिली, हात कोरडे असताना.

"चल अंबिके," वैजनाथप्पा म्हणाले. "आई, ऊठ."

"अप्पा, बसा जरा," अंबिका म्हणाली. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती, म्हणून सगळे तिच्याकडे वळले. तिनं अमरेशला विचारलं, "गुडघ्याच्या वरून की खालून?"

"खालून."

"किती खालून?"

त्यानं हात लावून दाखवलं.

"म्हणजे गुडघा स्वतःचा हाय. वाकतो?"

"पूर्ण."

"उतारावर?"

"उतारावर जरा जपून. चढावर न्हाई."

ती वर्गात असल्यासारखी मान हलवत होती. मग म्हणाली, "मला यांच्याशी बोलायचंय. बाहेर."

वैजनाथप्पा "काही गरज न्हाई" म्हणायच्या आत नागम्मा म्हणाली, "जाऊ दे तिला. लपवलं ते मोठ्यांनी, त्या पोरानं तर हातात काढून दिलं."

*

परसात वाटणीच्या भिंतीजवळ जनावरांना पाणी पाजायची एक दगडी डोण होती. अमरेश पाय चढवून आला होता. येताना बुटाला लागलेल्या तेलामुळे एकदा घसरता घसरता सावरला होता. तो डोणीच्या काठावर बसला. अंबिका उभी राहिली.

"कसं झालं?" तिनं विचारलं.

"पावसानं जमीन सरकली होती. सुरुंग जुनाच होता, जागा सोडून वाहून आलेला. माझा पुढचा पाय पडला." त्यानं डाव्या बुटाकडे बघितलं. "मागचा जोडीदार धावत आला. त्यानं पट्टा आवळला, इतका आवळला की मी त्याला शिव्या दिल्या. पुढं सगळे म्हणले, त्या आवळण्यानंच वाचलास. मग पाठीवर घेऊन उतरला खाली. त्याला अजून वाटतं मी रागावलोय."

"दुखतं?"

"आता न्हाई. पण जो अंगठा न्हाई, तो खाजतो."

"मग काय करता?"

"उजवा खाजवतो. कधी कधी फसतो तो."

तिला हसू आलं आणि आपण हसलो याचं तिला नवल वाटलं. ती भिंतीला टेकली. "मघाशी तुम्ही आमच्यासमोर बसलात, तेव्हा काय समजून बसलात?"

"समजून बसलो की तुम्हाला सगळं मालूम हाय. मालूम असून तुम्ही आलात. तेवढं एक धरून मी पुण्यात चालायला शिकलो, खरं सांगायचं तर. आता कळलं की तुम्ही आलाच नव्हता. म्हणजे आला होता, पण मुरगळलेल्या माणसाकडं."

स्वयंपाकघराच्या खिडकीआड भांडं पडल्याचा आवाज आला. शरणम्मा तिथं कधीपासून उभी होती, कोण जाणे.

"नोकरी?" अंबिकेनं विचारलं.

"ठेवलंय मला. गस्तीवर न्हाई पाठवणार. पलटणीच्या ऑफिसात बसवतील. मला कागदाचं काम येत न्हाई, शिकावं लागंल."

"मी आज काही सांगणार न्हाई," ती म्हणाली. "आज फक्त राग आलाय. कुणाचा आलाय ते घरी गेल्यावर बघते."

"हाव," तो म्हणाला. "बघा."

*

आत, श्रीमंतबाबाला लिंबाचं सरबत देऊन झाल्यावर मडिवाळप्पाला जाणवलं की सिद्धम्मा कुठंच दिसत नाही. ती वरच्या खोलीत अमरेशच्या पलंगावर बसली होती. रडत नव्हती. नुसती बसली होती, आणि त्याला तेच बरं वाटलं नाही.

तो खाली, जमिनीवर बसला. "वहिनी, आमच्या तंबूत पोरं शुद्धीवर यायची ना, तेव्हा पहिलं काय विचारायची सांगू? मला वाटायचं, माझा पाय कुठं हाय म्हणून विचारतील. पण न्हाई. पहिलं विचारायची, घरी काय कळवलं? कितीतरी पोरांनी मला हात जोडून सांगितलं, आईला सांगू नका. मुरगळलाय म्हणून कळवा."

सिद्धम्मानं वर बघितलं.

"तीच मुरगळ म्हणायची?"

"तीच. अन् आम्ही कळवायचो, 'मामुली जखम'. पुढं आई यायची भेटायला, अन् पलंगाशी आल्यावर कळायचं. लई वाईट व्हायचं ते. म्हणून मी पुढं कुणाचं ऐकलं न्हाई." त्यानं वहिनीकडे बघितलं. "इथं आईनंच लपवलं. हे माझ्यासाठी नवीन हाय."

"मी त्यांच्यापासून लपवलं न्हाई, भावजी." तिचा आवाज बारीक झाला. "मला म्हणताच येत न्हाई ते. जीभ तिथवर जाते अन् वळते. पुण्याला पण सगळे बघायचे, मी खिडकीतून झाडं बघायची. माझ्या पोटात घडलेला पाय हाय तो. असा कुठं टाकून कसा आला?"

मडिवाळप्पाकडे यावर जगाच्या इतिहासातलं काहीच नव्हतं. मग अमरेशनं खाली पाय चढवताना सोडलेला दमट मोजा त्याच्या खिशात होता तो त्यानं काढला आणि वाळत घालायला म्हणून तिच्याकडे दिला. सिद्धम्मानं तो हातात घेतला. उलटसुलट करून बघितला.

"शिवण टोचंल की याची," ती म्हणाली.

"टोचते म्हणतो कधी कधी."

"मग इतके दिवस सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" आणि ती सुईदोरा बघायला उठली.

*

उदगीरवाले हुग्गी न खाता गेले. जाताना नागम्मानं मात्र ती डब्यात भरून घेतली, पदार्थाचा काय दोष म्हणून. श्रीमंतबाबानं तेलाची एक बाटली अमरेशसाठी ठेवली, उजव्या पायाला.

त्यानंतर बरेच दिवस उदगीरचं काही कळलं नाही. शिवप्पानं पहिल्यांदाच तोंड उघडून बायकोला सांगितलं, की आपली मान त्या दिवशी नकाराची होती. शरणम्मा परत भांड्यांशी बोलू लागली. अमरेश रोज सकाळी शेताकडे चालत जायचा आणि चालत यायचा, आणि आईनं सपाट शिवलेला मोजा घालायचा. पाय तपासायच्या वेळी सिद्धम्मा आता दूध बघायला उठत नव्हती. बसायची, बघायची नाही, पण बसायची.

मग फोन आला. अंबिकेचा स्वतःचा, सिद्धम्माला.

"मी सगळ्यांवर राग काढून बघितला," ती म्हणाली. "तुमच्यावर जास्त येऊलालाय, यांच्यावर येत न्हाई. अप्पा अजून कुरकुरतेत, पण आजी माझ्याकडून हाय. तुमी सगळे उदगीरला या. आमचं घर दुकानाच्या वर हाय, जिना उभा हाय. अप्पा म्हणतेत, जावई जिना चढून वर आला तर सुपारी फोडतो."

"जिना?" सिद्धम्माचा जीव घाबरा झाला. "लई उभा हाय का ग?"

पलीकडे अंबिकेच्या हातातून फोन कुणीतरी हिसकावला. "अव्वा, मी बोलतो," अमरेश इकडून म्हणाला. त्यानंही आईच्या हातातून फोन घेतला होता. पलीकडे आता नागम्मा होती. ती म्हणाली, "बाळा, कठडा हाय जिन्याला. पण धरू नको. वैजा बघत असंल."

उदगीरच्या त्या गल्लीत बातमी आधीच पोचली होती, की भांडेवाल्यांचा होणारा जावई मिलिटरीतला आहे आणि त्याला एक पाय नाही. ठरल्या दिवशी देवणीची जीप थांबली तेव्हा समोरच्या ओट्यावर शेजारणी जमून बसल्या होत्या. तूर निवडायचं निमित्त होतं.

जीपमधून आधी शिवप्पा उतरला. त्याच्या गुडघ्यांना प्रवास सोसत नसे. तो दार धरून वाकडा वाकडा उभा राहिला. मग शरणम्मा, टाचेच्या दुखण्यानं एक पाय झटकत. समेट झाला नव्हता, पण सुपारीचं जेवण चुकवणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. मग मडिवाळप्पा, तो बसून बसून मुंग्या आलेला पाय जमिनीवर आपटत होता. सिद्धम्माची चप्पल उतरतानाच तुटली, म्हणून ती एका पायात चप्पल घालून लंगडत निघाली. शेवटी अमरेश उतरला, त्यानं बापाच्या काखेत हात दिला आणि तो कठडा न धरता जिना चढू लागला. एक पायरी, मग बापाला वर, मग दुसरी. वर दारात वैजनाथप्पा हाताची घडी घालून उभे होते. अर्ध्या जिन्यावर शिवप्पा दम खायला थांबला तेव्हा वैजनाथप्पांनी घडी सोडली आणि व्याह्यांना धरायला ते स्वतःच खाली उतरून आले. अंबिका त्यांच्या मागे दारात उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

ओट्यावरच्या बायकांचं काही केल्या जमेना. त्यांनी एकेकाचे पाय मोजले. सगळेच लंगडत होते, तो तरणाताठा पोरगा सोडून. शेवटी एकीला राहवलं नाही.

"ओ बाई," तिनं मागे राहिलेल्या सिद्धम्माला हाक मारली. "पाय गेलाय म्हणत होते. ह्यातल्या कुणाचा गेलाय?"

सिद्धम्मा जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली. वर मडिवाळप्पानं ते ऐकलं आणि बोलणं दुसरीकडे न्यायला तो घाईनं वळला, पण त्याची गरज पडली नाही.

"माझ्या लेकाचा," सिद्धम्मा म्हणाली. "डावा. गुडघ्याखालून."

मग तिनं दुसऱ्या पायातली चप्पलही काढून खालीच ठेवली आणि ती जिना चढू लागली.